सोमवारचं कुलूप

चिमूर,
६ जुलै २०२५

प्रिय अश्वजित,

जय भीम. तुले फोन लावून लावून माहं बोट झिजलं. 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर' हे आता मायलेही पाठ झालं. म्हून शेवटी कागद घेतला. तुह्या त्या चंचल सिस्टर आठवड्यातून एकदा स्कूटीवर तालुक्याले येतात अन् टपाल नेतात, हे तूच मागं सांगतलं होतं. आता त्या बिचारीच्या डोक्यावर माहंही ओझं.

माहा प्रबंध अडकला, बाबू. कॉलेजात पोट्ट्यांले इंग्रजी शिकवता शिकवता पाच वर्षं झाली याले, अन् तिसरं प्रकरण अजून धड नाई. ते पुस्तक तुले माहीत आहे, बी. ए.ले असताना तू माह्या कपाटातून नेलं होतं अन् चहाचे डाग पाडून वापस केलं होतं. शाळकरी पोरं बेटावर अडकतात, सोबत एकही मोठं माणूस नाई. आधी ती नियम करतात, शंख ज्याच्या हातात त्यानंच बोलायचं. डोंगरावर आग ठेवतात, कोणाले तरी धूर दिसावा म्हून. मग भीती शिरते अन् भीतीपायी ती एकमेकांच्या जिवावर उठतात. शंख म्हणजे कायदा, आग म्हणजे आशा, रानातलं जनावर म्हणजे माणसाच्या आतला काळोख, अशी चाळीस पानं मी लिहिली. गाईड सरांनी वाचली अन् म्हणाले, "प्रतीकं भरपूर आहेत हो, पण यात पोरं कुठं आहेत?"

आधी मले राग आला, मग पटलं. तुह्याजवळ तं शंभर पोरं आहेत, रानात, मायबापापासून दूर. तू त्यायच्या आश्रमशाळेचा अधीक्षक. तू नसताना ती काय करतात, ते मले लिहून पाठव. खरंखुरं लिही, शिक्षकासारखं नको.

माय विचारते, कायमची ऑर्डर निघाली काय. नऊ वर्षं रोजंदारीवर घासला तू. यादी लागली की आधी मायले कळव, मग दीपिकाले. छकुलीचा पापा घे.

तुही,
हर्षाताई

*

तोंदेगुडा,
२० जुलै

प्रिय ताई,

जय भीम. तुहं पत्र सिस्टरनं खिचडी शिजत होती तवा आणून देल्लं. त्यायच्या पिशवीत मलेरियाच्या गोळ्या, सुया अन् तुहं पत्र, सारं एकत्र. ताई, तुले बेटावरची पोरं पाह्यजेत तं इथी ये. पावसाळ्यात दोन्हीकडचे नाले भरले की आमचं बेटच होते.

एक गंमत सांगतो, तुह्या कामाची. मागच्या हप्त्यात कोठीतला गूळ गेला. कुलूप खिळ्यानं उघडलेलं. मी ओळखलं, चैतू. आठवीतला पोरगा आहे, हुशार, हाताचाही अन् डोक्याचाही. विचारलं तं लगेच कबूल झाला. म्हणे, लहान्यांले भूक लागली होती, सुकलूमामा (आमचा स्वयंपाकी) घरी गेला होता. आता याले मारू काय करू? मी म्हटलं, तुमच्यात शपथ कशी घेतात रे? तं तो म्हणाला, मूठभर माती डोक्यावर ठेवतात. मग काय, मैदानात शहाण्णव पोट्टे उभे केले, एकेकाच्या डोक्यावर माती, अन् शपथ देल्ली: सर सोताच्या हातानं उघडत नाईत तोवर या शाळेतलं एकही कुलूप कोणी उघडणार नाई. कोठीचं नाई, दवाईच्या कपाटाचं नाई, ऑफिसचंही नाई. तवापासून एक दाणा इकडचा तिकडे नाई. तुह्या शंखापेक्षा माही माती भारी निघाली, लिही तुह्या प्रबंधात.

मी नसताना काय करतात म्हणशील तं गोल करून बसतात. त्यायच्या गावात गोटूल असते, तिथी सारा गाव बसते अन् सारे हो म्हणेपर्यंत उठत नाई. हे पोट्टेही तसेच. कोण पाणी आणीन, कोण लहान्यांले आंघोळ घालीन, सारं बसून ठरवतात. पहिलीतला पोचू आहे, जंगूचा पोरगा, हाताएवढा, तोही आपलं मत देते. एकदा त्यानं एकट्यानं नाई म्हटलं म्हून तासभर सारे बसून होते.

ऑर्डर अजून नाई. यादी दिवाळीच्या आधी लागीन म्हणतात. शनिवारी मी आलापल्लीले दीपिकाजवळ अन् लेकीजवळ जातो, सोमवारच्या सह्या शुक्रवारीच मारून ठेवतो. हेडमास्तरही मारतात, सारेच मारतात, तू बोंबलू नको. चाव्या तेवढ्या खिशात घेऊन जातो, आता शपथ असली तरी.

तुहा,
अश्वजित

*

चिमूर,
३ ऑगस्ट

प्रिय अश्वजित,

अरे, तुही माती गाईड सरांले एवढी आवडली की ते खुर्चीतून उठले. म्हणाले, हे तुमचं प्रकरण. सप्टेंबरात गडचिरोलीले परिसंवाद आहे, तिथी मले वाचायले सांगतलं. मी लिहून राह्यली की बेटावरचा शंख फुटतो, कारण तो बाहेरून आणलेला नियम आहे. तुह्या पोरांची माती फुटत नाई, ती त्यायच्या आतली आहे.

फक्त एक सांग. शपथ मोडली तं काय होते, असं त्यायले वाटते? भीती कशाची आहे? विचार अन् लिही.

सह्यांचं वाचून मी मायले सांगतलं नाई. एवढ्या वर्षांत बोंबलली नाई तं आता काय बोंबलू? पण यादी लागेपर्यंत तरी सांभाळ. पुढच्या रविवारी नाई तं त्याच्या पुढच्या, कुठी रेंज भेटली तं फोन कर, लय बोलायचं आहे.

हर्षाताई

*

तोंदेगुडा,
२४ ऑगस्ट

ताई,

पोचू गेला.

पूर आला होता, तुले बातम्यांत दिसलं असीन. पंधरा ऑगस्टच्या झेंड्यानंतर बरेचसे पोट्टे घरी गेले, सतरा राह्यले. दोन्ही नाले भरले, आम्ही चार दिवस अडकलो. पोचूले ताप होता. मंगळवारी दुपारी माहा डोळा लागला असताना चैतूनं दवाईच्या कपाटाचं कुलूप गोट्यानं फोडलं अन् त्याले काहीतरी गोळ्या खाऊ घातल्या. बुधवारी पहाटे पोरगा गेला.

मी पाह्यलं ते सांगतो. कपाट फुटलेलं. दारात कोंबडीची पिसं अन् रक्त. चैतूच्या हाताले रक्त, सदऱ्याले रक्त. पोचू खाटेवर, त्याच्या आंगावर सोळा जणांच्या चादरी टाकलेल्या. सारे पोट्टे भिंतीले टेकून बसलेले, कोणी बोलत नाई. मी एकेकाले विचारलं, झालं काय? सारे खाली पाहून राह्यले. मले त्या पोरांचीच भीती वाटली, ताई. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

तुहं ते पुस्तक आठवलं. त्यात असंच होते ना?

जास्त लिहवत नाई.

अश्वजित

*

चिमूर,
३१ ऑगस्ट

माह्या बाबू,

तुहं पत्र मी मायले वाचून दाखवलं नाई. एकटीनंच तीनदा वाचलं. तू जेवत आहे काय? झोप लागते काय? दीपिकाले तिकडे बोलावून घे, नाई तं सुट्टी टाकून इकडे ये.

तू सोताले दोष देऊ नको. तू विचारलं की पुस्तकात असंच होते काय. हो रे, असंच होते. नियम जोवर पोट भरलेलं आहे तोवर टिकतो. पुराचं पाणी, उपास, आजारी लेकरू, अन् मग शपथ मोडली जाते, रक्त सांडते, कोंबडी कापली जाते, अन् सगळ्यांत लहान असते त्याचाच बळी जाते. भीतीच्या भरात पोरं काय करतात ते त्यायचं त्यायलेही कळत नाई. चैतूले दोष देऊन तरी काय, त्याच्या आत जे जागं झालं ते तुह्याआमच्याही आत असते. अन् ते सारे गप्प बसले, तेही पुस्तकातच आहे. सगळ्यांनी मिळून केलेलं पाप कोणीच बोलत नाई.

मले हे लिहिताना लाज वाटते, पण तू माहा भाऊ आहे म्हून सांगते: सर म्हणतात, हे प्रकरणात यायले पाह्यजे. नावं नाई टाकणार. तुले चालत असीन तंच.

हर्षाताई

*

तोंदेगुडा,
९ सप्टेंबर

प्रिय ताई,

टाक प्रकरणात. मले काय आता.

चौकशी आली होती. साहेब, पोलीस, सारे. हेडमास्तरनं आधीच्या दिवशी मले बाजूले घेतलं अन् म्हणाले, रजिस्टरवर तुही सही आहे, तू हजर होता, तेवढंच लिही, बाकी आपोआप जुळते. मी लिहून देल्लं. चैतू दांडगट आहे, आधीही कुलूप फोडलं होतं, लहान्यांवर त्याचा धाक होता. तुह्या पत्रातलं वाक्यही मी जबाबात घेतलं, 'भीतीच्या भरात पोरं काय करतात ते त्यांचं त्यांनाही कळत नाही.' साहेब म्हणाले, चांगलं लिहिता.

चैतूले चंद्रपूरकडे निरीक्षणगृहात नेलं. गाडीत बसताना रडला नाई. त्याचा बाप नुसता उभा होता. पोस्टमॉर्टेमचे नमुने नागपूरले गेले, रिपोर्ट कवा येईन कोणाले माहीत नाई. तेरा ऑक्टोबरले बाल न्याय मंडळासमोर तारीख आहे. गोळ्या चुकीच्या देल्ल्या, त्यानं मरण आलं, असं ठरलं तं पोरगा तीन वर्षं आत राहीन म्हणतात.

उरलेले पोट्टे माह्याशी बोलत नाईत. जेवण वाढलं तं जेवतात, हजेरी घेतली तं हो म्हणतात. संध्याकाळी गोल करून बसतात अन् एक शब्द न बोलता उठतात.

यादीत माहं नाव आहे म्हणे. एकोणिसाव्या नंबरवर.

अश्वजित

*

चिमूर,
१९ सप्टेंबर

अश्वजित,

मी बुधवारी चैतूले भेटून आली. शिक्षिका म्हून अर्ज केला होता, परवानगी भेटली. कबूल करते, प्रकरणासाठीच गेली. पर्समध्ये वही होती.

समोर आला तं हाताले पट्टी बांधलेली, जखम अजून भरली नाई. मी काहीबाही विचारलं, जेवण कसं आहे, मित्र झाले काय. मग सहज म्हटलं, तू कपाट फोडलं तवा सर कुठी झोपले होते? त्यानं माह्याकडे पाह्यलं, मीच येडी असल्यासारखं. म्हणाला, "सर? सर तं झेंड्याच्या दिवशीच गेले ना. बुधवारी बोटीवर आले." तक्रार नव्हती रे त्यात. त्याले वाटलं, हे साऱ्या जगाले माहीत आहे. म्हटलं, मग तू हे साहेबांले काऊन नाई सांगतलं? तं म्हणे, मले कोणी विचारलंच नाई.

मी वही मिटली. पुढचं त्यानं सांगतलं तसं लिहिते, तुले माहीत असलं तरी वाच.

शनिवारी सुकलूमामाही घरी गेला अन् मागून नाला भरला. कोठीच्या चाव्या तुह्याजवळ. सतरा लेकरं, दोन दिवस कोठीसमोर बसून होती अन् कुलपाले हात लावला नाई. नाल्यातले खेकडे, मासे, बांबूचे वास्ते म्हणजे कोवळे कोंब, जे भेटलं ते शिजवलं अन् आधी लहान्यांले देल्लं. रविवारी पोचूचा ताप वाढला. सोमवारी तो बडबड कराले लागला. चैतू म्हणाला, कपाट फोडू, सिस्टरनं गोळ्या कशा द्यायच्या ते शिकवलं आहे. सारे गोल बसले. लहाने रडाले लागले की शपथ मोडली तं ती आधीच आजारी असलेल्यावर उलटते, पोचूवरच उलटीन. सर उद्या येतीलच, असं सगळ्यांनी ठरवलं. चैतू एकटा पडला, अन् एकट्यानं करायचं नाई हे त्यायच्या गावातलं शिकवणं, म्हून त्यानं ऐकलं. मंगळवारी ऐकलं नाई. एकट्यानं गोट्यानं फोडलं, कपाटाची काच हातात घुसली. कपाटातल्या सिस्टरच्या तक्त्यावर वयाप्रमाणे जेवढ्या लिहिल्या तेवढ्याच गोळ्या देल्ल्या. पोचूनं उलटी केली. मग चैतूनं सोताची पाळलेली कोंबडी कापली, शपथ मोडली त्याची माफी मागाले. ते तुले दिसलेलं रक्त. ते माह्या पुस्तकातलं रानटी रक्त.

अन् पोरं गप्प काऊन होती माहीत आहे? सगळ्यांनी बसून ठरवलेलं एकट्यानं बाहेर सांगायचं नाई म्हून. त्यायले वाटते, पोचू त्यायच्यामुळे गेला.

ते पोट्टे रानटी झाले नाईत, अश्वजित. एवढी शिस्त पाळली त्यायनी की लेकरू हातचं गेलं.

आता दुसरं. सतरा ऑगस्टले, रविवारी सकाळी, तुहा फोन आला होता. तू म्हणाला, टेकडीवर चढून रेंज भेटली. पाऊण तास बोललो आपण. मीच सोडत नव्हती तुले, आग म्हणजे आशा की आग म्हणजे विनाश, असं पकपक करत होती. मागं छकुली रडत होती. मले ऐकू आलं होतं, रे. मी विचारलं नाई, कारण मले माहं बोलणं पुरं कराचं होतं. त्याच वेळी तिकडे पोचूच्या कपाळावर ओलं फडकं ठेवून राह्यले होते ते पोट्टे.

तू हजर होता असं राह्यलं तं चैतू चोर आहे अन् जीव घेणारा आहे. तू नव्हता असं लिहिलं तं त्यानं एकट्यानं जीव वाचवायले पाह्यला. मधात दुसरं काही नाई. फक्त तुही सही आहे.

जबाब बदल.

हर्षा

*

आलापल्ली,
२६ सप्टेंबर

ताई,

सोपं आहे तुले. चिमूरात पंख्याखाली बसून 'जबाब बदल' लिहिणं लय सोपं आहे.

मी लिहिलं की मी नव्हतो, तं मी एकटा नाई जात. हेडमास्तर नव्हता, सुकलू नव्हता, साऱ्यांच्या सह्या खोट्या. सारे माह्यावर उलटतील. माही ऑर्डर तं गेलीच, उलट गुन्हा माह्यावर. नऊ वर्षं, ताई. नऊ वर्षं मी त्या पोट्ट्यांच्या उवा काढल्या, खरजेले मलम लावला, त्यायचं हागमूत काढलं. ते कोणत्या रजिस्टरवर आहे? तीन दिवस लेकीचं तोंड पाहाले गेलो, तं मी खुनी?

चैतू लहान आहे, त्याचं नाव कुठी छापत नाईत. वकील म्हणे, वागणं चांगलं राह्यलं तं वर्षभरात सुटूही शकते. मी गेलो तं कायमचा गेलो. तूच हिशेब कर.

अन् तूच लिहिलं होतं ना, हो रे, असंच होते? ते वाक्य तुहं होतं, माहं नाई. मी पुरात बोटीतून उतरलो तवा मले काही सुचत नव्हतं. तुहं पुस्तक हाताशी होतं म्हून मी तेच पाह्यलं. मले तेच पाहाचं होतं.

ताई, मले झोप नाई. खिशात त्या चाव्या अजून आहेत, वापस कराची हिंमत होत नाई, त्या माह्याजवळ होत्या हे कोणी विचारीन म्हून. दीपिकाले मी काही सांगतलं नाई. ती पेढे आणून बसली आहे, यादीचे.

तू कोणाले सांगू नको. माही शपथ आहे तुले. नाई, शपथ नको. हात जोडतो.

अश्वजित

*

चिमूर,
३० सप्टेंबर

अश्वजित,

वाक्य माहं होतं, हे खरं आहे. म्हून मी गडचिरोलीले गेली नाई. प्रकरण सरांकडून वापस मागितलं. ते म्हणाले, तुमचं आजवरचं सगळ्यात चांगलं लिखाण हे. मी म्हटलं, सर, ते खोटं आहे. चाळीस पानांत मी पोरं शोधत होती, अन् भेटली तवा मी त्यायले ओळखलं नाई.

हिशेब कर म्हणतो ना? चैतू चौदाचा आहे. त्याच्या गावातून आठवीपर्यंत आलेला तो दुसरा पोरगा. सुटून आला तरी त्याच्या गावात, तुह्या शाळेत, सगळ्यांच्या डोळ्यांत तो पोचूले मारणारा राहीन. सोताच्याही डोळ्यांत. त्याले तिथी कोणी सांगणारं नाई की तू बरोबर केलं.

तुही सारी पत्रं माह्याजवळ आहेत. सह्या शुक्रवारीच मारतो ते, चाव्या खिशात नेतो ते, सव्वीस तारखेचं हे शेवटचंही. तेरा तारखेले मी चंद्रपूरले असीन. तू नाई बोलला तं मी ती मंडळासमोर ठेवीन. मायले काय वाटीन ते मले माहीत आहे. रडत रडत ठेवीन, पण ठेवीन.

तुह्या तोंडून निघावं असं लय वाटते, बाबू.

हर्षाताई

*

चंद्रपूर,
१४ ऑक्टोबर

प्रिय ताई,

जय भीम. काल तू मागच्या बाकावर बसलेली दिसली. पिशवी छातीशी धरली होती. माहं बोलणं झाल्यावर तू बाहेर थांबली नाई, सरळ गाडी पकडली. मले राग नाई आला. मीही तुह्याजवळ येऊ शकलो नसतो. म्हून राह्यलेलं लिहितो.

चंद्रपूरले येण्याआधी मी जंगूकडे गेलो. पोचूच्या बापाकडे. चंचल सिस्टर सोबत होत्या, माडिया बोली मले अजून अर्धीच येते. त्यायनी अंगणात खाट टाकली, पाणी देल्लं. मी सांगतलं की मी शाळेत नव्हतो, कपाटाची चावी माह्या खिशात होती, अन् मी खोटं लिहून देल्लं. सिस्टरनं एक एक शब्द तिकडे नेला. मले वाटलं, हा मले मारीन. मारावं, असंही वाटत होतं. जंगूनं एवढंच विचारलं, "मग चैतूले काऊन नेलं?" सिस्टरनं त्याचं मराठी केलं अन् माह्याकडे पाह्यलं. मी काय सांगू? यादीत एकोणिसावा नंबर होता म्हून? जंगू उठून आत गेला अन् पुन्हा बाहेर आला नाई.

मंडळासमोर काय बोललो ते तुनं ऐकलंच. सह्या, चाव्या, शपथ, सारं सांगतलं. सिस्टरनंही जबाब देल्ला की गोळ्या त्याच होत्या अन् तेवढ्याच होत्या. हेडमास्तर बाहेर भेटले, म्हणाले, तुह्या लेकीचा तरी विचार कराचा होता. आज सकाळी मले घरी बसवल्याचा कागद फोनवर आला. पोलिसांनी उद्या बोलावलं आहे. दीपिकाले इकडे निघायच्या आधीच घरी सांगतलं. तिनं नव्यानं आणलेला पेढ्यांचा डबा उचलून शेजारी देऊन टाकला अन् छकुलीले घेऊन माहेरी गेली. येईन की नाई ते बोलली नाई.

चैतूले बापाच्या ताब्यात देल्लं. तू गेल्यावर दोघं पायरीवर बसले होते, गाडीची वाट पाहात. मी जवळ गेलो. माफ कर म्हणणार होतो, पाठ करून आलो होतो. पण त्याच्यासमोर उभा राह्यलो तं त्यानंच उठून नमस्कार केला, शाळेत करतो तसा. मग म्हणाला, सर, एक विचारू?

ताई, त्याले निरीक्षणगृहाचं काही विचाराचं नव्हतं. मी खोटं काऊन बोललो हेही नाई. दोन महिने तो एकच गोष्ट घेऊन बसला होता. म्हणाला, "सोमवारीच एकट्यानं फोडलं असतं तं पोचू वाचला असता काय?"

हे मी आधीच सिस्टरले विचारलं होतं, जंगूच्या घरून निघताना. त्या म्हणाल्या होत्या, हो, सोमवारी गोळी पोटात गेली असती तं बहुतेक वाचला असता.

मी चैतूले म्हटलं, नाई रे, नसता वाचला. तसंही लय उशीर झाला होता.

त्यानं मान हलवली. मग गाडी आली अन् ते दोघं गेले. त्यानं माह्यावर विश्वास ठेवला की नाई, मले कळलं नाई. पण कवा तुले भेटला, अन् हेच विचारलं, तं तूही नाईच म्हण.

तुहा,
अश्वजित